पोट्टीची नात

बाबा,

आपल्या घरी कुत्र्याचं पिल्लू आलंय. खरं तर तुम्हाला हे सांगायची माझी इच्छा नव्हती, कारण ते शेजारच्या म्हाताऱ्याकडचं आहे, आणि त्या म्हाताऱ्याचा विषय निघाला की तुम्ही असताना माझं जे व्हायचं तेच अजून होतं. पोटात दुखतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझ्या केसांना रंग लावायची वेळ आली, लेक माझ्या खांद्याला लागली, पण हे दुखणं काही बरं व्हायचं नाव घेत नाही. ऑफिसात मला सगळे फार समजूतदार समजतात. माझी मॅनेजर म्हणते, तू कुणाचा हेवा करत नाहीस हे मला आवडतं. तिला काय माहीत, माझ्या वाट्याचा सगळा हेवा मी एका काळ्या कुत्रीवर खर्च करून बसलेय ते.

आई गेल्यावर मी तुम्हाला नागपूरहून इकडे ओटावाला आणलं. इथल्या कॅनाटा भागातल्या कंपन्यांमधून तेव्हा रोज कुणी ना कुणी आपलं सामान खोक्यात भरून घरी जात होतं. आम्ही दोघं नवरा-बायको जीव मुठीत धरून ऑफिसला जायचो. तरीही मी ठरवलं होतं की या घरात तुम्हाला इकडची काडी तिकडे करावी लागू नये. आयुष्यभर उन्हातान्हात शाळेच्या मैदानावर उभे राहिलात, आता बसा. बेसमेंटमध्ये तुमची खोली केली, टीव्हीवर हिंदी चॅनेल घेतले, आरामखुर्ची आणली. लेक जेमतेम चालायला लागली होती, तिलासुद्धा तुमच्यावर सोपवली नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून डेकेअरमध्ये घातली. तुम्ही म्हणालात, "लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये वगैरे मी मानत नाही, ते सगळं थोतांड आहे. पण फुकट बसून खाणं मी मानत नाही. मग ते लेकीचं असो का लेकाचं." मी हसले. मला वाटलं, नवीन जागा आहे, रुळतील हळूहळू. आणि मग एके सकाळी मी पडदा सरकवते तर तुम्ही माकडटोपी घालून, माझ्या नवऱ्याचे बूट घालून बाहेर. आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ लख्ख शोव्हल केलेला, आणि हात थांबत नाही म्हणून आता शेजाऱ्याचा चाललाय.

तो शेजारी म्हणजे हा म्हातारा. तेव्हा काही एवढा म्हातारा नव्हता, तुमच्याच वयाचा. फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेला, बायको गेलेली, कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तो काठी टेकत दार उघडून बाहेर आला आणि त्याच्या पायांमधून एक काळी लॅब्रॅडॉर कुत्री सुटली ती थेट तुमच्या शोव्हलवर. वर्षाचीच होती, आणि त्याला तिला पळवता येत नव्हतं म्हणून घरात कोंडून कोंडून बेफाम झालेली. सोफा फाडलेला, भिंत कुरतडलेली. त्यानं तुम्हाला आत नेऊन कॉफी दिली आणि तिची सगळी कहाणी सांगितली, आणि ती कहाणी तुम्ही संध्याकाळी आम्हाला सांगितलीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलीत. की लॅब्रॅडॉर म्हणजे मुळात बंदुकीबरोबर काम करणारं कुत्रं. मालकानं बदक पाडलं की पाण्यात उडी मारायची आणि दात न लावता ते उचलून आणून द्यायचं, हा त्याचा धंदा. पण आता त्यांच्यात दोन वंश झालेत. एक शोचा, रुंद डोक्याचा, भरल्या अंगाचा, थंड स्वभावाचा, प्रदर्शनात रिबिनी मिळवणारा. दुसरा कामाचा, सडपातळ, लांब पायांचा, ज्याच्या आईबापांनी आणि आजीआजोबांनी खरोखर तळ्यावर काम केलंय. "शोवालं घरात गुमान बसते," तुम्ही म्हणालात, "पण या पोट्टीला काम नाही भेटलं तर ती येडी होऊन जाईन." हे तुम्ही उभ्यानं सांगत होतात, ताट हातात घेऊन. आरामखुर्ची खाली बेसमेंटमध्ये होती आणि तिच्यावर मी वाळलेले कपडे टाकायला लागले होते.

पोट्टी. आपल्या नागपुरात लाडाच्या पोरीला पोट्टी म्हणतात. मला तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. मला तुम्ही पूर्ण नावानं हाक मारायचात, वडिलांच्या नावासकट, म्हणजे स्वतःच्याच नावासकट, हजेरी घेतल्यासारखी. तुमच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो रेल्वे क्वार्टरमधल्या त्या मुलीसाठी. तुम्हाला ती आठवत असणारच. मला तर तिच्या वेण्यासुद्धा आठवतात.

मी सातवीत आहे. सकाळची शाळा, मैदानावर चुन्याच्या ताज्या रेघा, तुमच्या गळ्यात लाल दोरीची स्टीलची शिट्टी. खो-खोची टीम निवडायची आहे. तुमची निवडायची पद्धत साऱ्या शाळेला माहीत आहे. शिफारस नाही, विचारपूस नाही, आडनाव तर नाहीच नाही. "धावून दाखव," एवढंच. एकेक मुलगी धावते. माझी पाळी येते तेव्हा मी अगदी निवांत असते, कारण मी मनात धरून चाललेय की माझ्यापुरता हा नुसता देखावा आहे, मी सरांची मुलगी आहे. मी धावते. पाय सपाट, गुडघे एकमेकांना लागतात, ओढणी नसलेल्या युनिफॉर्ममध्येसुद्धा मी कशात तरी अडकते. तुम्ही हसत नाही. तुम्ही अगदी सरळ आवाजात, सगळ्यांसमोर म्हणता, "तू लिंबं कापायला बस." खेळाडूंना मध्ये चोखायला मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी लागायच्या, ते काम. मग ती रेल्वे क्वार्टरमधली मुलगी धावते, अनवाणी, आणि तुमची शिट्टी तोंडातच राहते. "काय पोट्टी आहे!" तुम्ही म्हणता. पुढच्या आठवड्यात तिच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आले. कुणी दिले ते मला कुणी सांगायची गरज नव्हती, दुकानात तुमच्याबरोबर मीच आले होते. मला वाटलं होतं माझ्यासाठी आहेत, आणि एवढ्या मोठ्या मापाचे का, हेही मी विचारलं नव्हतं.

घरी येताना सायकलच्या कॅरियरवरून मी म्हणाले, "पण मी तुमची मुलगी आहे." तुम्ही सायकल थांबवलीत, मागे वळलात आणि म्हणालात, "रक्त पाहून निवडायचं असतं तर मला या शाळेत कुणी नोकरी दिली असती का?" मला ते तेव्हा कळलं नाही. पुढे चांगलंच कळलं, नोकरीत कळलं, घर भाड्यानं शोधताना कळलं. आपल्या घरात खानदान, कुळ, वंश हे शब्द कुणी काढले की तुम्ही ताटावरून उठायचात, ते का, हे मी माझ्या लेकीलाही सांगितलंय. विहारातल्या कार्यक्रमात तुमचं भाषण व्हायचं तेव्हा याच वाक्याला टाळ्या पडायच्या. मीही वाजवायची. पण खरं सांगते, आपल्या घरात मी एकटीच अशी होते जिला मनातून वाटायचं की रक्ताला थोडी तरी किंमत असावी. फार नको. एका पांढऱ्या बुटांच्या जोडाइतकी.

आणि तेच तुम्ही, माझ्या डायनिंग टेबलाशी उभे राहून, एका कुत्रीच्या आजीची तारीफ करत होतात. आजीनं म्हणे गोठायला आलेल्या पाण्यातून बदकं आणली होती. मी म्हटलं, "बाबा, हे तुम्ही बोलताय?" तुम्ही जरा वरमलात. मग म्हणालात, "रक्त म्हणजे नुसती सुरुवात आहे. तिला शिकवलं नाही तर ते रक्त सोफाच फाडेल." आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तिला शिकवायला लागलात.

मी ऑफिसला जाताना बघायची. मागच्या मोकळ्या मैदानात, जिथे आता टाउनहाउसं झालीत, तिथे तुम्ही ताठ उभे, गळ्यात ती नागपूरची शिट्टी, आणि म्हातारा घडीच्या खुर्चीवर कॉफीचा मग घेऊन. एक लांब शिट्टी म्हणजे बसायचं आणि तुमच्याकडे बघायचं, तुटक तुटक शिट्ट्या म्हणजे परत यायचं. ही इकडच्या शिकाऱ्यांचीच रीत होती, पण शब्द सगळे तुमचे. "सावधान" म्हटलं की ती बसायची, "विश्राम" म्हटलं की पुढचे पाय पसरून आडवी व्हायची, "आण" म्हटलं की बाणासारखी जायची आणि कॅनव्हासचं खोटं बदक तोंडात घेऊन यायची. थंडीत स्टीलची शिट्टी तुमच्या ओठाला चिकटली, कातडी सोलली, तर म्हाताऱ्यानं तिला काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून दिली. संध्याकाळी मी डेकेअरमधून पोरीला घेऊन यायची. मी तिच्याशी मराठीत बोलायची, ती मला इंग्रजीत उत्तर द्यायची. आणि कुंपणापलीकडे एक कुत्री शुद्ध मराठी समजत होती, आणि तिला मिळत होती ती "शाब्बास." असली भरदार, छातीतून आलेली शाब्बास, की मी गाडीतून ग्रोसरीच्या पिशव्या काढता काढता थांबायची. मी इंजिनियरिंगला पहिली आले तेव्हा तुम्ही "ठीक" म्हणाला होतात.

त्या वर्षी शरदात तो तुम्हाला पहाटे नदीकाठच्या दलदलीत घेऊन जायला लागला. बंदूक तो चालवायचा, कुत्री तुम्ही. तुम्ही चिखलानं माखून, गाल लाल करून यायचात, आणि माझ्या घरी नाही, त्याच्या घरी आधी जायचात. एका रविवारी त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून असा वास आला की मी हातातलं काम टाकून कुंपणाशी गेले. तुम्ही बदक रांधत होतात, सावजी. मी नागपूरहून सुटकेसमध्ये जपून आणलेला मसाला, जो तुम्ही माझ्याकडून "थोडा दे" म्हणून नेला होता. म्हातारा डोळ्यांतून पाणी गाळत, नाक पुसत जेवत होता आणि थांबत नव्हता. कुत्री तुमच्या पायावर मान टाकून पडली होती. मला बघून तुम्ही म्हणालात, "ये ना, बस," जसं काही ते तुमचं घर होतं आणि मी पाहुणी. मी म्हटलं, माझं झालंय जेवण. झालेलं नव्हतं. माझ्या घरात तुम्ही कधी कढईला हात लावला नव्हता, आणि मीच लावू दिला नव्हता, हे मला माहीत आहे. पण माहीत असल्यानं पोटातलं दुखणं कमी होतं असं कुणी सांगितलं?

त्याच्या पुढच्या मार्चमध्ये तुम्ही गेलात. झोपेतच, काही त्रास न होता. आपल्या इथल्या मंडळींनी हॉलमध्ये वंदना घेतली, आणि म्हातारा मागच्या रांगेत कोट घालून उभा राहून असा रडला की आलेले लोक आधी त्याचं सांत्वन करायला गेले. रडण्यातसुद्धा त्यानं माझ्या आधी नंबर लावला. मग तुमची बॅग मी आवरली. स्वेटर, चष्मे, आईचा फोटो. शिट्टी नव्हती. सगळं बेसमेंट मी उलथंपालथं केलं. मला वाटलं, पडली असेल त्या दलदलीत कुठेतरी.

त्यानंतर मी म्हाताऱ्याशी फक्त हाय-बाय ठेवलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. पोट्टीला पिल्लं झाली, त्यातली एक त्यानं ठेवली, पोट्टी म्हातारी झाली, मग गेली. त्यानं दारात येऊन मला सांगितलं, मी "सो सॉरी" म्हटलं आणि आत येऊन भांडी घासली. पण उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की कुंपणापलीकडून त्याचा आवाज यायचा. "सावधान." "विश्राम." "शाबाश." तुमच्या पोट्टीच्या लेकीला तो तेच शब्द शिकवत होता, तुमच्याच चढउतारासकट. माझ्या घरात ते शब्द कुणी उच्चारत नव्हतं. मी तर अजिबात नाही.

आता लेक बारा वर्षांची आहे, मी सातवीत होते तेवढी. यंदा तिनं कुत्र्याचा हट्ट धरला. नेमकी तेव्हाच म्हाताऱ्याकडे पोट्टीच्या लेकीला पिल्लं झाली. त्यानं सांगून पाठवलं की हे शेवटचं वेत, आता त्याच्याच्यानं होत नाही, आणि एखादं पिल्लू आपल्या घरी गेलं तर त्याला आवडेल. मी ताबडतोब इंटरनेटवर बसले. किंग्स्टनच्या वाटेवर एक बाई शोच्या वंशाची पिल्लं देते. आम्ही जाऊन बघून आलो. भिंतभर रिबिनी, आणि पिल्लांची आई लग्नघरात दमलेल्या मावशीसारखी गालिच्यावर पसरलेली. मला ती फार आवडली. मी गाडीत नवऱ्याला सगळी कारणं नीट सांगितली : आपण दोघं दिवसभर ऑफिसात, थंडी ही अशी, कामाच्या वंशाचं कुत्रं रोज मैलोन् मैल पळवावं लागतं, नाहीतर घर फाडतं, आपण कुठे बदकं मारायला जाणार आहोत. सगळी कारणं खरी होती. तो गाडी चालवत शांतपणे म्हणाला, "तू कुत्रं निवडून राहिलीस की शेजारी टाळून राहिलीस?" मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "आई, आजोबा ट्रेन्ड देअर ग्रँडमदर. दे आर लाइक, फॅमिली." फॅमिली म्हणे. मी काच खाली केली, बाहेर किती थंडी आहे ते विसरून.

तरी एकदा बघून तर येऊ, म्हणून शनिवारी आम्ही दोघी म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये गेलो. तो आता फारच वाकलाय. पिल्लं लाकडी कठड्यात एकमेकांच्या अंगावरून चाललेली, आई बाजूला उभी, काळी, सडपातळ, पोट्टीचीच मान. लेक कठड्यात शिरली. मी म्हाताऱ्याकडे वळले आणि मला त्याच्या गळ्यातली दोरी दिसली. लाल होती, आता विटकरी झालीय. खाली स्टील, त्यावर काळी टेप, आणि टेपच्या कडेला तुमच्या दातांनी पडलेला तो खळगा. मी लहानपणी त्या खळग्यावर बोट फिरवायची, तुम्ही अंघोळीला गेलात की. वाजवायची परवानगी नव्हती. शिट्टी खेळणं नाही, म्हणायचात.

"ती माझ्या वडिलांची आहे," मी इंग्रजीत म्हटलं. आवाज माझा सातवीतला झाला होता.

"हो," तो म्हणाला. "शेवटच्या शरदात दिली त्यानं मला. कुत्रीसाठी. म्हणाला, शिट्टी काम करणाऱ्याकडे राहावी."

असं तुम्ही म्हणालाच असाल. तुमचंच वाक्य आहे ते, शंकाच नको. मी म्हटलं, "मी त्यांची मुलगी आहे."

"ते मला माहीत आहे," म्हातारा म्हणाला. अगदी सरळ आवाजात, तुमच्यासारखा. मग त्यानं शिट्टी गळ्यातून काढली आणि माझ्यापुढे धरली. "वाजवता येते?"

बाबा, त्यानं ते टोचून विचारलं नाही. खरंच विचारलं. मी शिट्टी तोंडात घेतली. टेपला रबराचा आणि तंबाखूचा वास होता, तुमचा नव्हता. मी फुंकलं. आतली गोळी जराशी खुळखुळली आणि हवा बाजूनं निघून गेली. पिल्लांच्या आईनं माझ्याकडे बघितलं आणि जांभई दिली. मी पुन्हा फुंकलं, तसंच. कठड्यातून लेक म्हणाली, "कॅन आय?" आणि मी द्यायच्या आत तिनं ती घेतलीसुद्धा. तिनं एकच लांब फुंकर मारली. गॅरेजचे पत्रे वाजले. ती काळी कुत्री जागच्या जागी बसली, मान वर करून माझ्या लेकीकडे बघत राहिली. "शाबाश," म्हातारा म्हणाला. कुत्रीला म्हणाला की पोरीला, ते कळलं नाही, दोघींनी आपापल्या परीनं घेतलं. पोरीचे कान लाल झाले. माझेही झाले असतील, पण वेगळ्या कारणानं. माझ्या पोटची पोर, आणि मला त्या क्षणी तिच्या हातातून ती शिट्टी ओढून घ्यावीशी वाटली.

मग त्यानं पिल्लांची परीक्षा घेतली. मोज्याचा बोळा करून गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला टाकला आणि एकेकाला सोडलं. धावून दाखव. सगळी सुसाट गेली. एकीनं तर बोळा उचलून थेट लेकीच्या मांडीवर आणून टाकला, आणि म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. शेवटचं एक राहिलं होतं. जाडसर, पोट जमिनीला लागणारं. त्यानं बोळ्याकडे बघितलं, दोन पावलं टाकली, पाय एकमेकांत अडकून खाली बसलं, आणि बसल्यावर त्याला तिथेच बरं वाटलं. म्हातारा हसला. म्हणाला, दोन्ही बाजूंनी कामाचं रक्त, पण कधीकधी असं एखादं निघतं. हे खुर्चीशेजारी झोपायला ठीक आहे. लेकीनं त्याला आमची किंग्स्टनची फेरी सांगितलेली होतीच, म्हणून म्हणाला, तुला शांत कुत्रं हवं असेल तर खुशाल किंग्स्टनचं घे, आणि पोरीसाठी न्यायचं तर ही चपळ घेऊन जा.

"मला हे पाहिजे," मी म्हटलं. त्या जाड्याकडे बोट दाखवून.

"आई, इट डझन्ट इव्हन रन," लेक म्हणाली.

"मला दिसतंय. हेच."

म्हाताऱ्यानं पिल्लाच्या मानेखाली बोट फिरवलं. मग म्हणाला, "तुझ्या बापानं याला लिंबं कापायला बसवलं असतं."

म्हणजे लिंबांची गोष्ट तुम्ही त्याला सांगितली होतीत. कधी सांगितलीत? त्या दलदलीत बसून, बदकांची वाट बघत? हसत सांगितलीत की कशी? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तेही मला त्याच्याकडूनच घ्यावं लागलं असतं, आणि माझ्या बापाबद्दल त्याच्याकडून घ्यायचं आता मला काहीही नको होतं. मी पिल्लू उचललं. ते माझ्या कोटावर मुतलं. शिट्टी लेकीच्या गळ्यात राहिली. दर शनिवारी पिल्लाच्या आईला पळवायला येशील तर ठेव, असं म्हातारा तिला म्हणाला, आणि ती जाते. मैलोन् मैल पळते. ते पाय कुणाचे आहेत ते मी तुम्हाला सांगायला नको. माझ्यावरून उडी मारून गेलेत.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. तुमचा पत्ता असता तरी पाठवलं नसतं, तुम्ही ते त्या म्हाताऱ्याला वाचून दाखवलं असतंत. तुम्ही काय विचाराल तेही माहीत आहे. पिल्लू कसं आहे? बाबा, ते काहीच करत नाही. बोळा टाकला तर बघतं. बर्फात पाय टाकायला कुरकुर करतं. कामाच्या वंशाचा त्याच्यावर काही परिणाम दिसत नाही, आणि सोफा शाबूत आहे. त्याला एकच गोष्ट येते, तीही लेकीनं महिनाभर डोकं लावलं तेव्हा आली : लांब शिट्टी वाजली की खाली बसायचं. ते एरवीही बसलेलंच असतं. पण लेक रोज शाळेतून आली की मागच्या अंगणात जाते, ताठ उभी राहते, आणि शिट्टी वाजवते.

इकडे स्वयंपाकघरात मी पोळ्या करत असते. तेवढंच सांगायचं राहिलं. शिट्टी वाजली की हातातलं लाटणं खाली राहतं आणि मी टाचा जुळवून सरळ उभी राहते. ठरवून नाही, होतं ते. तव्यावरची पोळी करपते. खिडकीतून दिसतं की पिल्लूही बसलंय, आमचं दोघांचं एकाच वेळी बरोबर आलंय. मग माझी लेक, जी माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलत नाही, ती छातीतून, अगदी तुमच्यासारखी, "शाब्बास" म्हणते. कुत्र्याला म्हणते. मी थोडा वेळ तशीच उभी राहते, आणि मग दुसरी पोळी लाटायला घेते.